फाटकावरची पहिली ढेप

नोकरी संपायला दोन-तीन वर्षं उरली होती तेव्हा कंपनीनं मला पुण्याला एका शिबिराला पाठवलं. या वयात मला आता काय शिकवणार, असं पुटपुटत मी गेलो. शिकवणारे गृहस्थ माझ्या मुलाच्या वयाचे. त्यांनी फळ्यावर खडूनं मोठं वर्तुळ काढलं, आत 'कंपनी' असं लिहिलं आणि विचारलं, कंपनी पुढच्या पाच वर्षांचे बेत आखते तेव्हा या वर्तुळाबाहेरचं कोण कोण त्या बेतांत हात घालतं? कुणी म्हणालं बँक, कुणी सरकार, कुणी गिऱ्हाईक, कुणी वीज मंडळ. ते लिहीत गेले. माझी पाळी आली. मी म्हणालो, "म्हैस."

सगळे हसले. त्यात माझा वऱ्हाडी हेल, त्यामुळे हसणं जरा लांबलंच. बुलढाण्याकडचा म्हातारा गंमत करतोय असं वाटून शिकवणारेही हसले आणि पुढच्या माणसाकडं वळले. फळ्यावर म्हैस काही लिहिली गेली नाही. मला राग आला, आणि तो त्यांच्यापेक्षा माझाच जास्त आला. कारण तरुणपणी मीही अशीच एक यादी केली होती आणि तिच्यातही म्हैस नव्हती.

तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. अमरावतीहून बी.एस्सी. होऊन मी खामगावला परत आलो आणि एका तेल गिरणीत केमिस्ट म्हणून लागलो. केमिस्ट म्हणजे औषधांचा दुकानदार अशी आईची समजूत होती, त्यामुळे ती शेजारणींना माझ्याकडून खोकल्याच्या गोळ्या देववण्याचं कबूल करून बसायची. गिरणीत मला एक खोली, एक टेबल, काचेची चार भांडी आणि एक तराजू मिळाला. बावीस वर्षांच्या मुलाला डोक्यात वारं शिरायला तेवढं पुरेसं होतं.

गिरणीचं काम साधं होतं. जिनात, म्हणजे जिनिंग कारखान्यात, कापसातून सरकी निघायची, ती आमच्याकडं यायची, मशीनमध्ये दाबली की तेल निघायचं आणि मागं उरायची ती ढेप. आम्ही स्वतःला तेलवाले समजायचो. फाटकावरच्या पाटीवर तेलाचा डबा रंगवलेला होता. ढेप म्हणजे चोथा, उरलंसुरलं. पण गावाच्या लेखी ते उलट होतं. खामगावात आणि आसपासच्या खेड्यांत ज्याच्या दारात म्हैस, त्याला आमच्या तेलाशी काही घेणंदेणं नव्हतं. त्याला ढेप हवी होती. ढेप चारली की दूध दाट होतं, साय जाड येते, हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक.

आणि फाटकावर एक रीत होती. दिवाळीनंतर हंगामाची पहिली सरकी दाबली की पहिली ढेप विकायची नाही. ती फोडून घमेल्यात घालायची आणि फाटकासमोर ठेवायची. गवळ्यांपैकी एकाची म्हैस पाळीपाळीनं आणायची. बाकीचे गवळी समोर उकिडवे बसायचे. म्हशीनं घमेलं चाटूनपुसून साफ केलं की मुकादम फाटकाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर हातोडा मारायचा, आणि मगच ढेपेची विक्री उघडायची. शेठजींच्या वडिलांच्या वेळी एका साली म्हशीनं तोंड फिरवलं होतं. ढेप करपलेली निघाली. म्हाताऱ्या शेठनी मशीन थांबवून, सगळी खोलून साफ करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली होती. तेव्हापासून ढेपेच्या बाबतीत म्हशीचा शब्द शेवटचा. गवळी काही भागीदार नव्हते, त्यांच्याशी काही कागद नव्हता, पण त्यांच्या जनावरानं मान हलवली की गिरणी थांबत होती.

माझ्या आधीच गिरणीची कंपनी झाली होती, आणि सरकारची जशी पंचवार्षिक योजना असते तशी आपलीही असावी असं शेठजींना वाटायला लागलं होतं. ते एकदा मला बोलावून म्हणाले, "तू शिकलेला हायेस. पाच सालाची स्कीम लिहून दे. कोनाले काय पाह्यजे, ते सगळं त्यात आलं पाह्यजे." मी आठ दिवस बसून लिहिलं. मशीननं दाबल्यावरही ढेपेत थोडं तेल राहतं. ते रसायनानं धुऊन काढायचं नवं यंत्र बसवायचं, निघालेलं तेल साबणवाल्यांना द्यायचं, आणि उरलेली कोरडी ढेप मुंबईच्या एका पेढीमार्फत परदेशी पाठवायची. जुनी दाबणी मग फक्त पहिल्या टप्प्यापुरती, तेलकट ढेप विकणं बंद. शेवटी मी यादी जोडली, कंपनीला कुणाकुणाला सांभाळायचं त्याची. बँक, परवाना देणारं सरकारी खातं, मुंबईची पेढी, सरकी देणारे जिनवाले, वीज. अक्षर सुंदर काढलं होतं.

मुकादमानं ती यादी माझ्या टेबलावर पाहिली. त्याला आम्ही सगळे चाचा म्हणायचो. गिरणीत त्याचे केस पिकले होते, शेठजींच्या वडिलांच्या हाताखाली तो लागला होता. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवली. तो म्हणाला, "अन् फाटकावरचे लोक?" मी म्हणालो, "चाचा, ते घेणारे आहेत. देऊ ते घेतील." त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि बिडी पेटवायला बाहेर गेला.

यंत्र आलं, बसलं, चाललं. आणि घोडं नेमकं तिथंच पेंड खायला लागलं. मुंबईच्या पेढीनं कळवलं की यंदा माल उचलता येणार नाही, पुढच्या साली बघू, पण आमचा माणूस येऊन जाईल, जनावरं ही ढेप खातात की नाही हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आहे. म्हणजे त्या साली सगळी कोरडी ढेप गावातच खपायला हवी होती. आणि मुंबईचा माणूस नेमका फाटकावरच्या पहिल्या ढेपेच्या दिवशी येणार होता. शेठजींनीच तो मुहूर्त दिला होता. म्हशीवर त्यांचा तेवढा विश्वास होता.

माझा नव्हता. मी चार दिवस आधी गिरणीच्या गाडीचे बैल बोलावून त्यांच्यापुढं यंत्राच्या चाचणीत निघालेली नवी ढेप ठेवली. नवी ढेप म्हणजे ढेपही नव्हती, भुसा होता. हलका, पांढरट, आणि नाक जवळ नेलं तर रसायनाचा किंचित वास. बैलांनी हुंगली आणि फुरफुरून माना वळवल्या. मी पुन्हा ठेवली. पुन्हा तेच.

मग मी जे केलं ते कुणी सांगितलं म्हणून केलं नाही. तेवढं मी नीट सांगतो, कारण पुढं बऱ्याच लोकांना वाटलं की शेठजींनी करवून घेतलं. मी चाचाला म्हणालो, "एका घमेल्यापुरता गूळ पाण्यात कालवून आणा, थोडं मीठ घाला, ढेपेवर शिंपडून उन्हात वाळवा." चाचानं ऐकून घेतलं. म्हणाला, "साहेब, मशीन सांगा, बॉयलर सांगा, मी करतो. पन मुक्या जनावराले फशवनं मले जमनार नाई." मग गुळाचा खडा मीच आणला आणि मीच कालवला. माझ्या काचेच्या भांड्यात कालवला. मनाशी म्हणालो, खाण्यासारखंच तर आहे, विष थोडंच घालतोय. कोरड्या ढेपेत पोषण जास्त असतं असं पुस्तकात होतं, ते आठवून मी स्वतःची समजूत घातली.

त्या साली पाळी मावशीची होती.

मावशी म्हणजे आमच्या घरी रतीब घालणारी गवळण. माझ्या जन्माआधीपासून तिचं दूध आमच्या घरी. नवरा गेल्यावर दोन म्हशींवर तिनं घर चालवलं, मुलगा वाढवला. गल्लीत दुधाबद्दल कुणाचंही भांडण झालं की लोक म्हणायचे, दूध बघायचं तर मावशीचं बघा. ती स्वतःही म्हणायची, जरा जास्तच म्हणायची. "बाई, पानी म्हैस पेते, दूध तुमी पेता. माह्या घरी या दोघाइची गाठ पडत नाई." दोन म्हशींतली मोठी, एक शिंग खाली वळलेली, तिची लाडकी होती. तीच त्या दिवशी फाटकावर आणली. शिंगांना तेल लावलेलं, गळ्यात नवी घुंगरं.

मुंबईचा माणूस खुर्चीवर बसला होता. शेठजी शेजारी. गवळी समोर ओळीनं. चाचानं घमेलं ठेवलं. कुणीतरी म्हणालं, "इतला भुगा काऊन व? ढेप कुठी हाये?" मी पुढं होऊन नव्या यंत्राबद्दल चार वाक्यं बोललो. तोवर म्हशीनं तोंड घातलं होतं. तिनं भुसा खाल्ला, घमेल्याचा तळ चाटला, आणि घमेलं जिभेनं ढकलत ढकलत मावशीच्या पायापर्यंत नेलं. लोक हसले. मावशीनं इकडंतिकडं पाहिलं, जणू मुलगा पहिला आला होता. मुंबईच्या माणसानं वहीत काहीतरी टिपलं. चाचानं रुळावर हातोडा मारला. मारताना त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही.

ढेप खपली. सगळी खपली. ज्यांना भुसा पाहून शंका आली होती त्यांनीही घेतली, कारण म्हशीनं तोंड लावलं होतं, आणि आमच्याकडचा माणूस स्वतःच्या डोळ्यांपेक्षा म्हशीच्या तोंडावर जास्त विश्वास ठेवतो. घरी म्हशी ती खाईनात तेव्हा लोकांनी सरकीचं पाणी शिंपडून, कडब्याच्या कुट्टीत मिसळून, उपाशी ठेवून खाऊ घातली. फाटकावर एकीनं खाल्ली म्हणजे आपलीच म्हैस नखरेल, असं प्रत्येकाला वाटलं.

संक्रांतीच्या सुमाराला आई म्हणाली, "पाह्य बाप्पा, साय तं कागदावानी येऊन राह्यली." आठ दिवसांनी पुन्हा म्हणाली. मग शेजारीण म्हणाली. बाकीच्या गवळ्यांकडं मागच्या सालची थोडीफार जुनी ढेप होती, ती मिसळून त्यांनी दूध सावरून धरलं. मावशीकडं साठा नव्हता. ती रोजच्या रोज आमच्या फाटकावरून न्यायची तेवढंच. त्यामुळं तिचंच दूध आधी पातळ झालं, आणि ज्या गल्लीनं तिच्या दुधाची वर्षानुवर्षं वाखाणणी केली होती तीच गल्ली म्हणायला लागली की मावशी पाणी घालते.

पहिल्यांदा ते माझ्या आईनंच म्हटलं. दारात, सगळ्यांसमोर.

मावशीनं दुधाची कासंडी खाली ठेवली. ती भांडखोर बाई होती, एरवी तिनं गल्ली डोक्यावर घेतली असती. पण त्या दिवशी ती माझ्याकडं वळली. "भाऊ, तुमच्या कारखान्यात ते नळी हाये म्हन्ते. दुधात पानी हाये का नाई ते सांगते म्हन्ते. ते आना. अन् पाहा."

नळी होती. लॅक्टोमीटर म्हणतात ती, तेल तपासायच्या नळ्यांच्या संचात आलेली. काचेची, खाली शिशाचा गोळा, वर आकडे. दुधात पाणी असलं की ती खोल बुडते, नसलं की वर तरंगते. मी दुसऱ्या दिवशी सकाळी ती घरी आणली. आई, मावशी, दोन शेजारणी बघत होत्या. उंच भांड्यात दूध ओतलं, नळी सोडली. ती वर तरंगली. पाण्याचा थेंब नव्हता त्या दुधात. स्निग्धांश गेला होता, तो कुठं गेला होता हे मला माहीत होतं. आमच्या गिरणीच्या टाकीत गेला होता, साबणवाल्यांसाठी.

"काय दिसलं, भाऊ?"

माझ्या आयुष्यात मी बरंच खोटं बोललोय, सगळेच बोलतात. पण मला आठवतं ते हे एक. पाणी नाही म्हटलं असतं तर आईनं लगेच विचारलं असतं, मग पातळ काऊन? आणि त्याचं उत्तर मी होतो. मुंबईच्या पेढीचं पत्र नुकतंच आलं होतं, पुढच्या साली माल उचलणार म्हणून. शेठजींनी माझी पाठ थोपटली होती. मी नळी पुसत म्हणालो, "नक्की सांगता येत नाही."

"तुमाले सांगता येत नाई तं मंग कोनाले येईन?" मावशी म्हणाली.

त्या दिवशी आईनं रतीब बंद केला. गल्लीतल्या घरांनी एकामागून एक केला. माणूस नळी आणून पाहतो आणि सांगत नाही, म्हणजे काय ते समजून घ्या, असं आई शेजारणींना सांगत होती. तिची चूक नव्हती. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला होता.

मावशीनं एकदा मला गिरणीच्या वाटेवर अडवलं. मला वाटलं ढेपेबद्दल बोलेल. ती म्हणाली, "ढेपीले कसा दोष देऊ, भाऊ? माह्याच म्हशीनं तोंड लावलं, सगळ्याइच्या म्होरं. दुसऱ्या गवळ्याइनं तिच्या भरोशावर घेतली. आता मी कोन्या तोंडानं म्हनू?" तिच्या डोक्यात एकच गोष्ट घट्ट बसली होती, की म्हशीतच काहीतरी बिघडलं आहे. मी तिला म्हणालो, असेल. खरंच म्हणालो.

गुढीपाडव्यानंतर मला राहवेना. आई दुसऱ्या गवळ्याचं दूध घ्यायला लागली होती, तेही पातळच होतं, आणि मावशीचं बघून हाही पाणी घालायला शिकला, असं ती रोज सकाळी म्हणायची. मी शेठजींच्या खोलीत गेलो, दार लावलं आणि गुळाचं सांगितलं. भिंतीवर त्यांच्या वडिलांचा फोटो होता, त्याच्याकडं त्यांनी पाहिलं नाही. मग विचारलं, "कोनाले मालूम हाये?" मी म्हणालो, चाचाला.

"तो नाई बोलनार." ते म्हणाले. "स्कीम बदलू. एक जुनी मशीन गावासाठी ठेव. पहिल्यासारखी तेलाची ढेप, फाटकावर इकाले. कोरडी जाईन मुंबईले. लिही."

मी लिहिलं. पंचवार्षिक योजनेत एक कलम वाढलं. बाहेरच्या लोकांनी, ज्यांना आपण योजनेत हात घातला हे कधीच कळणार नव्हतं, त्यांनी ती योजना फिरवली. मला वाटलं झालं. उठताना शेठजी म्हणाले, "पन त्या बाईले काई सांगू नको. कंपनीची अब्रू हाये." मी मान हलवली. कंपनीच्या अब्रूबद्दल ते बोलले आणि मी बाईच्या अब्रूबद्दल काही बोललो नाही. ती जातेय हे दोघांनाही दिसत होतं.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. मावशी दिसली की मी गल्ली बदलायचो. ती खेड्याच्या बाजूला, जिथं तिला कुणी ओळखत नव्हतं तिथं दूध घालायला जायला लागली होती, पहाटे उठून, चालत.

दिवाळीनंतर पुन्हा फाटकावर पहिली ढेप. जुन्या मशीनची, तपकिरी, जाड, हातात घेतली की बोटांना तेल लागावं अशी. पाळी दुसऱ्याच गवळ्याची होती. त्याच्या म्हशीनं घमेलं साफ केलं. लोक उठायला लागले. शेठजी खुर्चीवरून उठले. चाचानं हातोडा उचलला आणि तसाच धरला. मारला नाही. तो माझ्याकडं बघत उभा राहिला. सगळे त्याच्याकडं बघायला लागले आणि मग त्याच्या नजरेमागोमाग माझ्याकडं.

मावशी शेवटच्या ओळीत होती. तिची पाळी नसतानाही ती आली होती. गवळीण होती, हंगामाला येणारच.

मी बोललो. भाषण वगैरे नव्हतं, दोन-तीन वाक्यं. गेल्या साली घमेल्यात मी गूळ घातला होता. ढेपेत काही दम नव्हता. मावशीच्या दुधात पाणी नव्हतं, मी नळीत पाहिलं होतं आणि सांगितलं नव्हतं. शेठजी दोन पावलं पुढं आले आणि थांबले. कुणी ओरडेल, कुणी अंगावर येईल असं मला वाटलं होतं. मला ते हवंही होतं.

मावशी उठून पुढं आली. तिनं माझ्यासमोर येऊन विचारलं, "म्हंजे म्हैस खोटं नाई बोलली?"

मी म्हणालो, नाही.

"इकली म्या तिले," ती म्हणाली. "बैसाखात. बाजारात नेऊन इकली. खोटाडी हाये म्हनून इकली, भाऊ. नेताना मांगं वळूवळू पाहे. म्या काठी मारली तिले."

एवढं बोलून ती गेली. चाचानं हातोडा मारला. तो आवाज त्या वेळी मला सहन झाला नाही, मी आत माझ्या खोलीत जाऊन बसलो आणि रडलो. पंचवीस-सव्वीस वर्षांचा माणूस, टेबलावर डोकं ठेवून रडलो. संध्याकाळी शेठजी दारात येऊन म्हणाले, "तूच स्कीम लिहिली, तूच मोडली." त्यांनी मला काढलं नाही. पण त्यानंतर कंपनीची कुठलीही योजना त्यांनी मला लिहायला दिली नाही. आणि त्या सालापासून फाटकावर कुणी म्हैस आणली नाही. गवळी स्वतःच ढेपेचा तुकडा तोडून चावायचे, थुंकायचे आणि मग चाचाला खूण करायचे.

घरी आईला आधीच कळलं होतं. तिनं एवढंच विचारलं, "म्हंजे म्या तिले चारचौघात खोटं पाडलं, ते तुह्यापायी?" मग ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तिनं डोक्यावर पदर घेतला, हातात रिकामं पातेलं घेतलं, ते पदराखाली न लपवता भर गल्लीतून मावशीच्या घरी गेली. काय बोलणं झालं ते तिनं मला कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी दारात उभी. आई पातेलं घेऊन पुढं झाली. मावशीनं कासंडी उचललीच नाही.

"आधी नळी आना, भाऊ."

मी गिरणीत पळत जाऊन नळी आणली. दारातच भांड्यात दूध घेतलं, नळी सोडली. आकडा सांगितला.

"मोठ्यानं सांगा. गल्लीले आयकू गेलं पाह्यजे."

मी मोठ्यानं सांगितला. पाणी नाही, असंही सांगितलं. मग तिनं दूध घातलं. मला वाटलं, एका दिवसापुरतं असेल. दुसऱ्या दिवशीही ती कासंडी खाली ठेवून उभी राहिली. तिसऱ्या दिवशीही. शेवटी मी पगारातून स्वतःची नळी मागवली आणि ती देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवली. माझं लग्न झालं, मुलं झाली, आई गेली. मावशी रोज यायची, मी रोज नळी बुडवून आकडा ओरडायचो. माझी बायको सुरुवातीला हसायची, मग तिनं हसणं सोडलं. नळीवरचा आकडा म्हणजे काय हे मावशीनं कधी विचारलं नाही. आणि राग गेला का, हे मीही तिला विचारलं नाही.

पुण्याच्या शिबिराहून मी परत आलो त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मावशी वारली. बारा-तेरा दिवस दूध आलं नाही. मग एका सकाळी तिची सून कासंडी घेऊन आली. मी सवयीनं कोनाड्यातली नळी काढून दारात आलो. ती म्हणाली, "राहू द्या ना, काका. तुमचा भरोसा हाये आमाले."

मी भांड्यात दूध घेतलं, नळी सोडली, आणि आकडा मोठ्यानं सांगितला. गल्लीत कुणीच नव्हतं.